हयात मंडळींचे मंडळ

फराळाचे डबे अजून पुरते रिकामे झालेले नसतात, तोच भडगावसारख्या तालुक्याच्या गावी बँकेच्या दारात एक निराळीच यात्रा भरू लागते. दिवाळीच्या मागोमाग नोव्हेंबर येतो, कधी दिवाळीच त्याच्या पोटात येते. आणि नोव्हेंबर म्हणजे पेन्शनर मंडळींचा हयातीचा महिना. आपण अद्याप जिवंत आहोत, हे त्यांनी वर्षातून एकदा सरकारला कळवावयाचे असते. कोषागाराकडून बँकेत यादी आलेली असते. तीत आपले नाव शोधावयाचे आणि व्यवस्थापकासमोर त्यापुढे सही करावयाची. कुणी नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून येतो, कुणी गिरणेपलीकडच्या खेड्यातून सकाळच्या एस्. टी.ने. डोक्यावर परीटघडीची टोपी, खिशाला पेन आणि हातातल्या पिशवीत जन्मभराचे कागद. काउंटरवरचा तरुण कारकून विचारतो, "आबा, सही करशात का अंगठा लावशात?" आणि पस्तीस वर्षे पोरांकडून अक्षर गिरवून घेतलेले आबा उसळून म्हणतात, "अंगठा कसाले भो? सही करस ना!"

नोव्हेंबर २०१४ पासून यासाठी यंत्रही आले आहे. 'जीवन प्रमाण' असे त्याचे भारदस्त नाव. यंत्रावर बोट टेकविले की दाखला थेट सरकारदरबारी पोहोचतो. मात्र उभा जन्म खडू, कुदळ किंवा दप्तराच्या गाठी हाताळलेल्या बोटांच्या रेषा त्या यंत्राला पुष्कळदा वाचता येत नाहीत. मग ज्याचे सारे गाव साक्षीदार आहे, असा जिताजागता माणूस त्या काचेपुढे चोरासारखा उभा राहतो.

अशा वेळी गर्दीतून एक गृहस्थ पुढे होतात. तेही सत्तरी ओलांडलेलेच. त्यांच्या हाती एक वही असते, शाईचा पॅड असतो. कोण येऊन गेले, कोण आले नाही, कोण अंथरुणाला खिळले आहे आणि कुणाच्या घरी बँकेचा माणूस न्यावा लागेल, हे त्यांना तोंडपाठ असते. हे सेवानिवृत्तांच्या मंडळाचे चिटणीस. पगार नाही, भत्ता नाही. असलाच तर दरसाल होणाऱ्या सत्काराचा एक नारळ.

अशा मंडळांचा इतिहास कुणी लिहीत नाही. साहित्यसंस्थांचे सुवर्णमहोत्सवी ग्रंथ निघतात, सहकारी पेढ्यांचे निघतात. पेन्शनरांच्या मंडळाचे दप्तर मात्र एका ट्रंकेत मावते. सभासदांची वही, जमाखर्च, सभेचे इतिवृत्त आणि दुखवट्याचे ठराव. दुखवट्याचे ठरावच अधिक. तरीही या ट्रंकेत जे आहे ते मला महत्त्वाचे वाटते, आणि त्याचे कारण समजावयास थोडे मागे जावे लागेल. अगदी दुसऱ्या बाजीरावापर्यंत!

मराठी मुलखातला सर्वांत नावाजलेला पेन्शनर म्हणजे हा शेवटचा पेशवा. जून १८१८ मध्ये आपल्या खानदेशाच्या शेजारीच, अशीरगडाच्या परिसरात, तो सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. माल्कमने त्याला सालीना आठ लाखांची नेमणूक कबूल केली. कंपनीच्या वरिष्ठांना हा आकडा फार वाटला. पण बाजीराव ब्रह्मावर्तास जाऊन राहिला आणि १८५१ च्या जानेवारीपर्यंत जगला. बत्तीस वर्षे! आणि तो गेल्यावर दत्तकपुत्र नानासाहेबांनी ती नेमणूक पुढे चालू ठेवण्याची मागणी केली, तेव्हा डलहौसीने साफ नकार दिला. अजीमुल्लाखानाला विलायतेला पाठवूनही काही उपयोग झाला नाही. पुढचे सत्तावन्न साली काय झाले ते शाळकरी मुलांनाही ठाऊक आहे.

ही गोष्ट सांगण्याचे कारण एवढेच की, त्या काळी पेन्शन ही देणाराची मेहेरबानी होती. मर्जी असेतो द्यावी, मर्जी फिरली की बंद. १८७१ च्या पेन्शन कायद्याने तर पेन्शनीविषयीच्या दाव्यांना दिवाणी न्यायालयाचे दारच बंद केले. तक्रार घेऊन जावयाचे कलेक्टरकडे, आणि त्याने लेखी दाखला दिला तरच पुढे न्यायालय. त्याच कायद्याने सावकारालाही पेन्शनीवर जप्ती आणण्याची बंदी केली, हे मात्र खरे उपकाराचे कलम.

'पेन्शन' हा शब्द मूळ लॅटिनमधला. तोलणे, तोलून देणे, असा त्याचा धात्वर्थ. आपण त्याचे 'निवृत्तिवेतन' केले. निवृत्ती म्हटले की मराठी कानाला ज्ञानदेवांचे थोरले बंधू आठवतात आणि संसाराचा पाश सुटल्याची भावना येते. तिला 'वेतन' जोडणे ही सरकारी भाषांतरकारांचीच करामत! बोलण्यात मात्र कुणी निवृत्तिवेतन घेत नाही. माणूस 'पेन्शनीत निघतो', आणि त्याच्या घरी 'पेन्शन येते'. पावसासारखी, वेळेवर किंवा उशिरा.

पूर्वी ती येत नसे, आणावी लागे. पेन्शनच्या हुकमाची दोन अर्धी असत. एक पेन्शनराजवळ, दुसरे तिजोरी कचेरीत. पहिल्या तारखेला आपले अर्धे घेऊन जावयाचे, कारकुनाने ते दुसऱ्याशी ताडून पाहावयाचे, चेहऱ्यावरचा तीळ किंवा कपाळावरचा व्रण हुकमात लिहिल्याप्रमाणे आहे ना याची खात्री करावयाची, मग पैसे. तिजोरी कचेरीच्या ओट्यावर त्या दिवशी जुने सर्कल इन्स्पेक्टर, तलाठी आप्पा, फौजदार कचेरीतले जमादार, दवाखान्यातले कंपाउंडर आणि कालव्यावरचे पाटकरी असे सगळे एका रांगेत बसत. नोकरीत असताना ज्यांनी एकमेकांसमोर कधी खुर्ची ओढून घेतली नसती, ते तिथे एकाच तंबाखूच्या डबीतून चिमूट घेत. माझी अशी समजूत आहे की, आपल्याकडच्या पुष्कळशा मंडळांचा जन्म नोंदणी कचेरीत झाला नसून या ओट्यावर झाला आहे.

आता या मंडळांनी सुरुवातीला स्वतःला 'सामाजिक' म्हणविले, सहली काढल्या, सत्यनारायण केले, पंचाहत्तरी गाठलेल्यांना शाली पांघरल्या. (एकच शाल तीन सत्कारांतून फिरून मूळ धन्याकडे परत आल्याची गोष्ट प्रत्येक मंडळात सांगतात, ती खोटी असण्याचे मला काही कारण दिसत नाही.) तरुण मंडळी यावरून त्यांची थट्टा करतात. पण तीस-पस्तीस वर्षे वर्तणुकीच्या नियमांखाली काढलेल्या माणसाचा आवाज एका दिवसात मोठा होत नाही. शिवाय निवृत्तीनंतरही नियम संपत नाहीत. केंद्राच्या नियमांत आणि महाराष्ट्राच्या १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांत एक कलम आहे: पुढील काळातील चांगली वर्तणूक ही प्रत्येक निवृत्तिवेतनाची गृहीत अट आहे. म्हणजे साठीच्या गृहस्थानेही शहाण्या मुलासारखे वागावयाचे! तेव्हा ज्यांनी अर्जाआधी अभंग म्हटले, त्यांना मी भित्रे म्हणणार नाही. त्यांनी आधी एकत्र बसण्याची सवय लावून घेतली. १९५५ साली दिल्लीत 'भारत पेन्शनर्स समाज' स्थापन झाला आणि गावोगावच्या मंडळांना आपला कागद पुढे पाठविण्यासाठी एक मोठा पत्ता मिळाला.

या कागदांचे चीज झाले ते १९८२ साली. महाराष्ट्राचे नवे निवृत्तिवेतन नियम त्या वर्षी १५ ऑगस्टला अमलात आले, आणि १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नकारा खटल्याचा निकाल दिला. हा निकाल पेन्शनरांच्या घरी पोथीसारखा सांगितला जातो; पण त्यातली मेख पुष्कळांना ठाऊक नसते, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

१९७९ साली केंद्राने पेन्शनीचा हिशेब उदार केला. पूर्वी शेवटच्या छत्तीस महिन्यांच्या पगाराची सरासरी धरीत, ती आता दहा महिन्यांची धरावयाची ठरली. साहजिकच रक्कम वाढली. पण हा लाभ ३१ मार्च १९७९ रोजी व त्यानंतर निवृत्त होणारांनाच. म्हणजे एकाच टेबलाशी बसून एकाच दौतीत टाक बुडविणारे दोघे. एक फेब्रुवारीअखेर निघाला म्हणून जुन्या हिशेबात, दुसरा मार्चअखेर निघाला म्हणून नव्या. १९७२ साली सरकारी सेवेतून निवृत्त झालेले डी. एस. नकारा या विषमतेविरुद्ध न्यायालयात गेले. त्यांच्यासोबत सैन्यातून निवृत्त झालेले एक अर्जदार होते. आणि तिसरा अर्जदार माणूस नव्हताच, ती एक संस्था होती: हरिदेव शौरी या निवृत्त सरकारी अधिकाऱ्याने १९८० साली काढलेली 'कॉमन कॉज'.

सरन्यायाधीश होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. पाच न्यायमूर्तींच्या त्या घटनापीठात न्यायमूर्ती तुळजापूरकरही होते. निकाल लिहिला न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी. पेन्शन ही मालकाच्या मर्जीवर अवलंबून असलेली देणगी नाही, केलेल्या सेवेपोटी मिळणारा तो हक्क आहे, असे न्यायालयाने स्पष्ट म्हटले आणि ती तारखेची रेघ पुसून टाकली. बाजीरावाच्या नेमणुकीपासून चालत आलेल्या मेहेरबानीच्या कल्पनेला याहून स्वच्छ उत्तर कोणते असणार? राज्यांच्या पेन्शनरांनाही पुढे या निकालाचा आधार झाला, आणि १७ डिसेंबर हा 'पेन्शनर दिन' म्हणून पाळला जाऊ लागला.

मला स्वतःला मात्र निकालातला दुसराच भाग अधिक मोलाचा वाटतो. या तिसऱ्या अर्जदाराला दाद मागण्याचा अधिकार काय, हा प्रश्न तिथे निघाला होता. न्यायालयाने त्या संस्थेला अधिकार मान्य केला, आणि त्याचे कारण असे दिले की, एकेकट्या वृद्ध, थकलेल्या निवृत्तांना न्यायालयाची खर्चाची पायरी चढणे शक्य नसते. ज्या मंडळांना आपण देवदर्शनाच्या सहली काढणारी म्हणून हसत होतो, त्यांच्या अस्तित्वाचे प्रयोजन देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने लिहून दिले. चारच वर्षांनी, १९८६ साली, त्याच संस्थेच्या अर्जावर आणखी एक निकाल झाला. निवृत्त होताना पेन्शनीचा काही भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात. मुलीचे लग्न किंवा घराची माडी बहुधा त्यातच उरकते. हा विकलेला भाग पंधरा वर्षांनी पेन्शनराला परत चालू झाला पाहिजे, असे ठरले. चिटणिसांच्या वहीत आजही प्रत्येक सभासदापुढे ही पंधरा वर्षांची तारीख लिहिलेली असते. ज्याची त्याला आठवण नसते, चिटणिसांना असते.

हे मोठ्या न्यायालयातले झाले. तालुक्याच्या मंडळाची खरी कसोटी लागते ती सभासद गेल्यानंतर.

कुटुंबनिवृत्तिवेतन ही गोष्ट केंद्रात १९६४ साली सुरू झाली. त्याआधीच निवृत्त झालेल्यांच्या विधवांना पुष्कळ वर्षे झगडावे लागले. १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यांचाही हक्क मान्य केला. आता कायद्याची अडचण फारशी उरलेली नाही. अडचण असते नावाची. आमच्या खानदेशात एकाच बाईला किती नावे! माहेरचे पाळण्यातले एक, सासरी ठेवलेले दुसरे, घरात सगळ्यांच्या तोंडी 'बाई' किंवा 'माय', शिधापत्रिकेवर पुढे 'बाई' लागलेले आणि आधारपत्रावर ते गळून पडलेले. नवऱ्याच्या सेवापुस्तकात तिसरेच. नवरा होता तोवर हे कुणाच्या ध्यानात आले नाही. तो गेला, तेरावा झाला, आणि कुंकू पुसलेल्या कपाळाने ती बाई कचेरीच्या खिडकीशी उभी राहिली, तेव्हा तिला प्रथम सिद्ध करावे लागते की, ती तीच आहे.

पेन्शनच्या कागदांना नवराबायकोचे एकत्र छायाचित्र लावावे लागते. जुन्या पिढीतल्या कित्येक जोडप्यांचे जन्मातले पहिले जोडछायाचित्र तेच. दोन खुर्च्या, मध्ये वीतभर अंतर, डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढलेला. नावाचा घोळ पडला की हेच छायाचित्र उपयोगी पडते. चिटणीस तिच्या मुलाला बरोबर घेतात, प्रतिज्ञापत्र लिहवितात, पंचायत समितीत जातात, तिथून जळगावला जातात. १९६२ साली जिल्हा परिषदा झाल्यापासून प्राथमिक शिक्षकांचा कागद त्या वाटेने जातो आणि महसूल-पोलिसांचा कोषागाराच्या वाटेने, हे चिटणिसांना पाठ असते. मुलगा बिचारा पुण्याला कारखान्यात असतो, त्याला ठाऊक नसते. शेवटच्या मूळ पगाराच्या तीस टक्के ही कुटुंबनिवृत्तिवेतनाची साधारण रक्कम. आकडा लहान दिसतो. पण ज्या घरात सासू महिन्याच्या पहिल्या आठवड्यात नातवाच्या हातावर दहा रुपये ठेवू शकते, त्या घरात तिचे ताट वेळेवर वाढले जाते. हे कडू आहे, पण खोटे नाही.

अशा कामात चिटणिसांना सर्वांत अधिक छळते ती जन्मतारीख. आपल्याकडच्या निम्म्या वडीलधाऱ्या मंडळींचा जन्म एक जूनचा का, हे परदेशी माणसाला सांगून पटणार नाही. शाळेत नाव घालताना आईबापांना साल आठवे, तेही पुराच्या किंवा दुष्काळाच्या आधाराने; तारीख गुरुजींनीच घालावयाची. शाळा जूनला उघडे, गुरुजी एक जून घालीत. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून ३१ मेला गावोगाव निरोपसमारंभांचा असा काही हंगाम येतो की हारवाल्यांना फुले पुरत नाहीत. वार्षिक वेतनवाढ लागते १ जुलैला. ३० जूनला निवृत्त होणारांनी वर्ष पुरे भरूनही ती हुकत असे. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२३ मध्ये त्यांना ती दिली. एक जूनवाले तेवढे बाहेरच राहिले. साठ वर्षांपूर्वी गुरुजींनी हात किंचित सैल सोडून 'दोन जून' लिहिले असते, तर माणूस ३० जूनला निघाला असता आणि वेतनवाढ पदरात पडली असती! यात विनोद असा की, हळहळणारांत अर्धेअधिक स्वतः गुरुजीच असतात आणि त्यांनीही पुढे शेकडो मुलांना एक जूनच घातलेला असतो. केंद्राच्या पेन्शनराला ऐंशीव्या वर्षी मूळ पेन्शनीवर वीस टक्के वाढ मिळते आणि शंभराव्या वर्षी पेन्शन दुप्पट होते. तेव्हा या तारखेवरून शंभरीपर्यंत वाद चालू ठेवण्यास सरकारचेच उत्तेजन आहे.

असो. आता ज्यासाठी हे सारे लिहावयास घेतले, त्या प्रश्नाकडे येतो.

महाराष्ट्र सरकारने १ नोव्हेंबर २००५ पासून नोकरीस लागणारांसाठी जुनी पेन्शन बंद केली. केंद्राने ती १ जानेवारी २००४ पासूनच केली होती. नव्या योजनेत कर्मचाऱ्याच्या पगारातून दहा टक्के कापावयाचे, सरकारनेही आपला वाटा घालावयाचा, ती पुंजी बाजारात गुंतवावयाची आणि निवृत्तीच्या वेळी निदान चाळीस टक्क्यांची वार्षिकी विकत घ्यावयाची. किती मिळेल ते बाजार सांगणार. पुन्हा एकदा तारखेची रेघ आली, आणि तीही नेमकी आमच्या मंडळींच्या हयातीच्या महिन्यातली पहिली तारीख! मार्च २०२३ मध्ये राज्यातले कर्मचारी १४ तारखेपासून सात दिवस संपावर गेले. 'एकच मिशन, जुनी पेन्शन' ही घोषणा तेव्हा गावोगावच्या कचेऱ्यांपुढे घुमली. २४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने एकीकृत योजना जाहीर केली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या मंत्रिमंडळाने ती स्वीकारण्याचे ठरविले. पंचवीस वर्षे सेवा झालेल्याला शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी रक्कम, असे तिचे आश्वासन आहे. पण नोकरीला उशिरा लागलेल्याची पंचवीस वर्षे भरणार कशी? पस्तिशी उलटल्यावर चिकटलेला ग्रामसेवक किंवा शिक्षक अठ्ठावन्नाव्या वर्षी कागद मोजू लागतो, तेव्हा त्याचे गणित जमत नाही.

ही मंडळी आता निवृत्त होऊ लागली आहेत. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निघणारांत त्यांचीच संख्या वाढत जाणार. आणि तालुक्याच्या मंडळापुढे एक साधा प्रश्न येणार: यांना सभासद करावयाचे की नाही? ज्या मंडळाच्या घटनेत 'निवृत्तिवेतनधारक' हीच सभासदाची व्याख्या आहे, तिथले जुने म्हणतील, यांचे प्रश्न वेगळे, यांचा आमच्या महागाई भत्त्याशी संबंध काय? हे ऐकले की मला १९७९ सालच्या त्या दोन टेबलबंधूंची आठवण होते. फेब्रुवारीवाल्यांना बाहेर ठेवणारी रेघ चुकीची, असे न्यायालयात सांगून ज्यांनी आपला हक्क मिळविला, त्यांनीच मंडळाच्या उंबऱ्यावर नोव्हेंबर २००५ ची रेघ आखावी, हे काही बरे दिसत नाही. व्यवहारही तेच सांगतो. नवे घेतले नाहीत तर सभासदांच्या वहीत नावे वाढणार नाहीत, दुखवट्याचे ठराव मात्र वाढतील. आणि एका वर्षी बँकेच्या दारात वही घेऊन उभे राहावयास कुणी उरणार नाही.

मराठी शिकविणे हा माझा धंदा, म्हणून एक शब्दाचीच सूचना करतो. घटनेतला 'निवृत्तिवेतनधारक' काढावा आणि तिथे 'सेवानिवृत्त' घालावा. पुढे 'आणि दिवंगत सेवानिवृत्ताची पत्नी अथवा पती' एवढेही जोडावे, म्हणजे खिडकीशी उभ्या राहिलेल्या बाईला सभेत मतही देता येईल. वर्गणी तीच ठेवावी.

नव्या मंडळींनाही हयातीचा दाखला चुकलेला नाही. वार्षिकी देणाऱ्या विमा कंपनीला आपण जिवंत असल्याचे त्यांनाही कळवावेच लागते. तेव्हा पुढच्या नोव्हेंबरात चिटणिसांनी शाईचा पॅड जरा मोठा आणलेला बरा.